योलांदाचे मासे

तळ्याकाठच्या वारेन्ना गावाच्या धक्क्यावर सकाळच्या बोटीची वाट पाहत मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एर्सिलिया आणि योलांदा या दोन म्हाताऱ्या शेजारणी होत्या.

“एर्सिलिया, सांग ना गं! विकलं का घर?”

“नाही! ती मिलानची माणसं नको म्हणाली.”

“सुटलीस बाई! नाहीतर मुलाच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर बसली असतीस, समोरची भिंत बघत.”

“रात्रभर झोपले नव्हते मी.”

“पण मी खिडकीतून पाहिलं, तळं बघून ती बाई किती हरखली होती!”

“हरखली होती. मग बाल्कनीत गेली. नाकाला रुमाल लावून विचारते, इथे नेहमी असा सुक्या माशांचा वास येतो का?”

“मग?”

“म्हटलं, छे, फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यात बुरशीचा येतो.”

“शाबास!”

“पण योलांदा, तुझे मासे माझ्या बाल्कनीत का वाळत होते?”

“माझ्याकडे ऊन कुठे येतं?”

“दिवसभर येतं.”

“त्या दिवशी नव्हतं. बरं, तुझा फाउस्तो चिडला असेल. विकायची घाई त्यालाच होती.”

“ते गेल्यावर त्याने तारेवरचे दोन मासे काढले, भाजले, मक्याच्या पिठाच्या पोलेंताबरोबर खाल्ले. म्हणाला, आई, राहा तू इथेच. आता नाही विकत.”

“म्हणजे पोराला काही कळलं नाही!”

“पहिल्या घासालाच कळलं. म्हणाला, योलांदामावशीचे मासे अजून तसेच खारट.”

“खारट? माझे?”

बोट धक्क्याला लागली, तरी योलांदा जागची हलेना.