परत न मागितलेल्या सुपाऱ्या

सर्वपित्री अमावास्या, सकाळचे साडेनऊ.

मंडळी, शोकसभेत अशी दिवस-वेळ सांगून सुरुवात करत नाहीत, मला माहीत आहे. आधी गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, गळा दाटून आलाय म्हणायचं, पदराने डोळे टिपायचे. मीही तेच करणार होते. आज घरी आरशासमोर बोलून पाहिलं, तर पहिल्याच वाक्याला आवाज गेला. पुन्हा पाहिलं, पुन्हा गेला. मग ठरवलं, जिथे राग आहे तिथून सुरू करावं. रागात माझा आवाज जात नाही. हे तुम्हा सगळ्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

तुम्ही एवढे सगळे आलात. देवळाचा हॉल भरलाय, दाराशी चपलांचा ढीग पडलाय. दत्तूभाऊ मोरे, आपल्या गल्लीच्या खिडक्या साफ करणारा माणूस. त्याच्यासाठी एवढी माणसं. बघून बरं वाटलं, खरंच. मग प्रश्न पडला. त्या अमावास्येच्या सकाळी साडेनऊ वाजता ही माणसं कुठे होती?

होतात. सगळे गल्लीतच होतात. पडद्यामागे होतात.

त्या सकाळी मी वरच्या खोलीत चहा घेत बसले होते. एकदम खिडकीबाहेर एक माणूस उगवला. निळा गणवेश, डोक्याला टोपी, क्रेनच्या पाळण्यात उभा. मला बघून त्याने हातसुद्धा हलवला. मी खिडकी उघडून विचारलं, तू कोण? तो म्हणाला, "मैडम, कंपनी से हैं. कमेटी का ऑर्डर है. खिड़की बंद कर लीजिए, पानी अंदर आएगा."

मी वाकून खाली पाहिलं. खाली वंदना उभी होती. दत्तूभाऊंची मुलगी. एका हातात बादली, खांद्यावर शिडी. नवरात्र बसायच्या आधीची सफाई करायला आली होती, जसे दरवर्षी तिचे वडील यायचे. तिच्या मागे दत्तूभाऊ. दोघं मान वर करून बघत होते. पाइपातल्या पाण्याचे शिंतोडे त्यांच्या अंगावर पडत होते. बाजूला व्हा, एवढंही कुणी म्हटलं नाही. आपण घराघरांत पितरांना पान वाढायच्या तयारीत होतो आणि रस्त्यात एक जिवंत बाप भिजत उभा होता.

आता शिर्केसाहेब, तुम्ही आपल्या गल्लीच्या समितीचे सेक्रेटरी. माझ्या आधी तुम्ही बोललात. छान बोललात. दत्तूभाऊ म्हणजे गल्लीचा आरसा, असं म्हणालात. मी मागे बसून ऐकत होते. आरसा म्हणालात ते बरं केलंत. आज जरा त्यात बघू या.

नवीन सुनांना आणि नातवंडांना कदाचित माहीत नसेल म्हणून थोडं मागचं सांगते. मोऱ्यांचं घराणं दक्षिणेतून इथे ग्वाल्हेरला आलं ते मराठा फौजेबरोबर. आमच्यासारखी घरं आली ती दरबारच्या दप्तराबरोबर. फौजही गेली, दप्तरही गेलं. राहिल्या आपल्या या उंच उंच खिडक्या आणि ग्वाल्हेरची धूळ. मे महिन्यात धुळीची आँधी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूभाऊ न बोलावता हजर. शिडी भिंतीला लावली की आधी मोठ्याने ओरडायचे, "खिडकी." मग थांबायचे. आतल्या बायकांनी पदर सावरावा, पडदा ओढावा, कुणी झोपलं असेल त्याने उठावं, एवढा वेळ थांबायचे. मगच पहिल्या पायरीवर पाय. इतकी वर्षं आपल्या शयनघरांच्या काचेशी तो माणूस उभा राहिला आणि त्याने आत काय पाहिलं, हे कुणालाही कधी कळलं नाही. माझ्या घरात त्याने काय काय पाहिलं असेल, ते मला ठाऊक आहे. ते त्याच्याबरोबर गेलं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, पण शिडीवर उभं राहिलं की तोल जायला लागला. तेव्हा त्यांनी ठरवलं, काम वंदनाला द्यायचं. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती, बापाबरोबर खालच्या काचा करतच होती. गुढीपाडव्याच्या सकाळी दत्तूभाऊ तिला घेऊन प्रत्येक दारी आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. आपल्या इथल्या मराठी घरांत एक पद्धत आहे. घरचं काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं, तेव्हा घरची बाई नव्या माणसाच्या तळहातावर अख्खी सुपारी ठेवते. कागद नाही, सही नाही. सुपारी. हल्ली मुलांना सुपारी म्हटलं की सिनेमातले गुंड आठवतात, म्हणून समजावून सांगते. सुपारी ठेवली म्हणजे काम दिलं. आणि काम काढून घ्यायचं असेल, तर त्याच बाईने, समोरासमोर, ती सुपारी परत मागायची. तोपर्यंत शब्द कायम.

मला तो पाडवा आठवतो. माझ्याकडे आले तेव्हा वंदनाची ओटी सुपाऱ्यांनी जड झाली होती. मी म्हटलं, दत्तूभाऊ, एवढ्या सुपाऱ्यांचं काय करणार, दुकान टाकणार का? ते म्हणाले, "ताई, ही माझी सगळी कमाई समजा. पूरी गल्लीने दिली. एक घर सुटलं नाही."

एक घर सुटलं नाही. लक्षात ठेवा.

मालती, तू इथे पुढेच बसलीयेस. मान खाली घालू नकोस. आपण दोघी एकाच कॉन्व्हेंट शाळेत, एकाच बाकावर होतो. सिस्टर काय सांगायच्या, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या डोळ्यांत बघून बोला. म्हणून मी तुझ्याकडे बघून बोलतेय. तू वंदनाला नुसती सुपारी दिली नाहीस. तू तिला कुंकू लावलंस. जवळ घेऊन म्हणालीस, आता ही आपल्या गल्लीची लेक. मी शेजारी उभी होते. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता, मालती.

आणि श्रावणात समितीची बैठक झाली. मी तेव्हा भोपाळला मुलाकडे होते, म्हणजे तुमची सोय झाली. बैठकीत पहिलं कोण बोललं, ते मला त्या अमावास्येनंतर कळलं. तूच म्हणालीस ना, "बाईमाणूस शिडीवर, येणारेजाणारे खालून बघतात, कसं दिसतं ते?" झालं. कुणी म्हणालं, सुनांनाही अच्छा नहीं लगता. कुणी म्हणालं, कंपनीकडे मशीन आहे, एका दिवसात पूर्ण गल्ली होते. शिर्केसाहेबांनी ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले.

मला एवढंच समजावून सांगा. दत्तूभाऊंसारखा परका पुरुष शिडी लावून तुमच्या झोपायच्या खोलीशी उभा राहिला, ते तुम्हाला चाललं. तुम्ही जिला लेक म्हणालात, ती उभी राहिली की कसं दिसतं? आणि निळ्या गणवेशवाला चहाच्या वेळी हात हलवतो, ते कसं दिसतं?

पण मला राग त्याचा नाही. मशीन आणायचं होतं, तर आणायचंत. काम काढून घ्यायचा हक्क तुमचा होता. मग सुपारी परत का मागितली नाहीत?

एकीनेही मागितली नाही. वंदना दारात आली की काय म्हणायचात? पुढच्या आठवड्यात ये. घरात पाहुणे आहेत. अभी रहने दे, दिवाळीच्या आधी बघू. गोड बोलायचात. चहासुद्धा द्यायचात. आणि ती घरी जाऊन बापाला सांगायची, पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

मी भोपाळहून परत आल्यावर एकदा दत्तूभाऊंना स्पष्ट म्हटलं होतं, की मला लक्षण ठीक दिसत नाही. ते माझ्यावरच रागावले. म्हणाले, "ताई, सुपारी वापस मागितली का कोणी? नाही ना? मग काम आपलंच आहे. ही भल्या लोकांची गल्ली आहे."

भल्या लोकांची गल्ली.

त्याच दिवसांत दाल बाज़ारातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने वंदनाला बोलावलं होतं. त्याच्या दुकानाच्या काचा, वरची गोदामं, भावाचं बाड्याच्या चौकातलं शोरूम, सगळं कायमचं काम द्यायला तयार होता. त्याला शिडीवरच्या बाईची अडचण नव्हती. दत्तूभाऊंनी नाही म्हणून सांगितलं. का? नवरात्राच्या आधी पूर्ण गल्लीचं काम असतं. गल्लीला शब्द दिलाय, दोन्हीकडे पुरं पडणार नाही, उगाच कुणाची काच मळकी राहील. तुमची काच मळकी राहील म्हणून, मंडळी. व्यापाऱ्याने दुसरा माणूस पाहिला. आणि मग आली ती अमावास्या.

त्यानंतर दत्तूभाऊ या गल्लीतून गेले नाहीत. बाजारात जायचं तर गोरखीच्या रस्त्याने वळसा घालून जायचे. मी भेटायला गेले तेव्हा अंगणात उन्हाला बसले होते. तुमच्यापैकी कुणाबद्दलही वावगा शब्द बोलले नाहीत. मलाच विचारलं, "ताई, माझ्याकडून काही चुकलं का? मी आत कधी बघितलं नव्हतं." तुम्हीच सांगा, तुम्ही यावर काय उत्तर दिलं असतंत?

माघात ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय. तुम्ही त्यांना मारलंत, असं मी म्हणणार नाही. जे सिद्ध करता येत नाही ते बोलू नये, हेही मला सिस्टरांनीच शिकवलं. मी फक्त एवढं म्हणते, की तो माणूस स्वतःची चूक शोधत गेला. ती त्याला सापडली नाही, कारण ती त्याची नव्हतीच.

आणि अजून एक सांगते, म्हणजे माझं मन हलकं होईल. दिवाळीच्या सुमारास काही घरांनी वंदनाला गुपचूप बोलावणं धाडलं. कंपनीवाले पाण्याचा फवारा मारून निघून जातात. वरच्या रंगीत काचांच्या खाचांतली धूळ तशीच राहते, तिचा चिखल होतो. तेव्हा वंदनाची आठवण झाली. मागच्या बोळातून ये, म्हणाले. जरा तेवढ्या वरच्या काचा करून जा, समितीला कळायला नको.

वंदनाने काय उत्तर दिलं, ते तिने मला सांगितलं नाही. ज्या घरी दिलं, त्या घरच्या बाईनेच तक्रारीच्या सुरात सांगितलं, पोरगी फार चढेल झालीय म्हणून. वंदना म्हणाली होती, "काकू, समोरच्या दारानं बोलवा, लगेच येते."

चढेल. माझ्या मते त्या दिवशी गल्लीत ताठ मानेचं एकच माणूस होतं.

वंदना आज इथे आहे. शेवटच्या ओळीत, खांबाशी. तिला बोल म्हटलं तर ती नको म्हणाली. पण मी मागितलं ते तिने दिलं. हा डबा. दत्तूभाऊंच्या फोटोपुढे ठेवते. झाकण उघडंच ठेवते. यात तुमच्या सुपाऱ्या आहेत. सगळ्या. दत्तूभाऊंनी एकही फोडून खाल्ली नाही, कुणाला खाऊ दिली नाही. कुणाची कोणती, ते आता ओळखू येत नाही. त्याची गरजही नाही. देणारीला ठाऊक आहे.

मालनपूरच्या एका कारखान्यात वंदनाला नोकरी मिळतेय. पाकिटं भरायचं काम, सकाळी बसने जायचं, अंधार पडल्यावर परत. तिला ते नको आहे. तिला बापाचं काम हवंय, उन्हात, उंचावर, स्वतःच्या शिडीवर. सोमवारी सकाळी तिला कारखान्याला हो किंवा नाही कळवायचंय. ती अजून थांबलीय. का थांबलीय, ते तुम्हाला समजलं असेल. सुपारी कुणी परत मागितलेली नाही. मोऱ्यांची लेक आहे, तिच्या हिशोबाने शब्द अजून कायम आहे.

म्हणून मी या सभेत, या फोटोसमोर, मागणी करते. प्रत्येक घराने उत्तर द्यावं. वंदना तुमच्या खिडक्या करणार, की नाही. करणार असेल तर तसं लिहा. नसेल तर तेही लिहा, उत्तर द्यायला याल तेव्हा डब्यातली एक सुपारी उचला आणि तिच्याकडे बघून सांगा, परत घेतली. मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पुढच्या आठवड्यात हे उत्तर चालणार नाही. समितीचं म्हणणं काय, हेही चालणार नाही. पाडव्याला समितीने सुपारी दिली नव्हती, तुम्ही दिली होती. आणि लेखी हवं. तोंडी शब्दाचं काय होतं, ते आपण सगळे फोटोला हार घालून बघतोच आहोत.

मालती, तुझंही. तुझं सगळ्यात आधी.

दत्तूभाऊ, तुम्हाला माझा नमस्कार. तुम्ही शिडीपाशी ‘खिडकी’ म्हणायचात तसं मी आज आधी मोठ्याने ओरडलेय. ज्यांना सावरायचं त्यांनी सावरावं.

आता श्रद्धांजलीसाठी उठून उभे राहू या. डोळे मिटायचे नाहीत. डब्याकडे बघायचं.

आणि मग घरी जाऊन लिहायला बसा. रविवारी दिवेलागणीपर्यंत प्रत्येक घराचं उत्तर, खाली सही करून, माझ्या हातात हवं. घर माहीत आहे, डबा आणि वंदना तिथेच असतील. मागच्या बोळातल्या दाराची कडी मी आतून लावून घेतलीय. समोरच्या दारानं या.