कुन्नूरला निघालेली जीप

दादरच्या एका दातांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर सत्तरीचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी नंबराची वाट पाहत बसले होते. मुलीने नुकताच फोन ठेवला होता.

"बाबा, ट्रान्सपोर्टवाला तयार आहे. जीप ट्रेलरवर चढवून थेट कुन्नूरला पोचवेल."

"फोर व्हील ड्राइव्ह आहे, सांगितलंस?"

"सांगितलं. जीपचं वयही सांगितलं. आता तरी येताय ना माझ्याकडे राहायला?"

"जीप आली तर येईन, म्हटलंय ना. ट्रेलरवर चढवणार कशी?"

"सरळ चढवणार. उतरवताना रिव्हर्स घेणार."

"रिव्हर्स पडत नाही."

"काय? कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मग आपल्या गल्लीत पार्क कशी करत होतात?"

"तुझी आई उतरून पुढून ढकलायची."

"आई? ती तर म्हणायची, बाबांना साइड दाखवते."

"तेही करायची. गिअरबॉक्स मात्र खोलू द्यायची नाही. म्हणायची, एकदा खोलला की जीप गॅरेजातच राहील."

"आता त्या माणसाला काय सांगू?"

"उलटी चढवायला सांग. वायर लावून ओढून घेतात. मग उतरताना सरळ पुढे येईल."

"आणि तिकडे पोचल्यावर?"



"तुझ्या घरासमोरचा रस्ता कसा आहे? चढाचा?"

"चांगलाच."

"मग चढाकडे तोंड करून लावत जाऊ. ब्रेक सोडला की आपोआप मागे येईल. ढकलायला कुणी लागणार नाही."