भूलतज्ज्ञ मागच्या गल्लीतून आले

जबाब देणार : परिसरात 'डॉक्टरीणबाई' या नावाने ओळख, वय ६१ वर्षे, व्यवसाय प्रसूतितज्ज्ञ, राहणार बाजाराच्या मागे, स्वतःच्या दवाखान्याचा वरचा मजला, एकटी.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, वरील ठिकाणी माझा प्रसूतीचा दवाखाना आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला पहिल्यापासून एकच भूलतज्ज्ञ येत असत. काम झाले की आम्ही वर एकत्र जेवत असू.

विमा कंपनी आम्हा डॉक्टरांना देत असलेले दर फार जुने होते. म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी संघ करून एकत्र बोलणी सुरू केली. मागणी रास्त होती, सही मीही केली. बैठकीत कंपनीचा माणूस म्हणाला, "दर वाढवू, पण मग लोकांचा हप्ताही वाढेल." मागच्या वेळी हप्ता वाढला तेव्हा माझ्याकडच्या आयाबाईंनी विमा सोडून दिला होता. मी विचारले, "हप्ता भरणाऱ्यांपैकी कुणाला बोलावलंय का इथे?" सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

बोलणी फिसकटली. दर वाढेपर्यंत विम्याचे पेशंट घ्यायचे नाहीत आणि जो घेईल त्याला कुणी मदत करायची नाही, असे संघाने ठरवले. मी घेत राहिले. तेव्हापासून माझा फोन फक्त पेशंटसाठी वाजतो.

काल दुपारी एक फरशी बसवणारा कारागीर बायकोला घेऊन आला. तिला कळा सुरू झाल्या होत्या, बाळ आडवे होते. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हते. मी भूलतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, "संघाचं ठरलंय. माझे हात बांधलेत गं." मग कारागिराने मोठ्या इस्पितळात फोन लावला. तिकडून विम्याचे कार्ड चालणार नाही, आधी पैसे भरा, असे उत्तर आले. तो मला म्हणाला, "पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, बाई. आता गरज पडली तर सगळ्यांची दारं बंद!" त्याने रागाने बाकडे ढकलले, त्यात दरवाजाची काच फुटली. मला लागले नाही. पोलिसांना फोन समोरच्या दुकानदाराने केला, मी केला नाही.

एवढ्यात बाळाचे ठोके मंदावू लागले. मी पुन्हा फोन करून इतकेच म्हटले, "बाळ तुमच्या बैठकीपर्यंत थांबणार नाही." ते आले. गाडी मागच्या गल्लीत लावून, मागच्या दाराने आले. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत.

हात धुताना मी त्यांना म्हटले, "वर चल, भात गरम आहे."

ते म्हणाले, "कुणी पाहिलं तर? तुझ्यासारखं एकटं पडायची ताकद नाही माझ्यात."

"माझ्यात तरी कुठे होती?" असे मी म्हटले. ते बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले आणि आल्या वाटेने गेले.

कारागिराविरुद्ध माझी काही तक्रार नाही. काचा त्यानेच वेचल्या. भूलतज्ज्ञांचे नाव जबाबात लिहू नये, एवढी विनंती आहे.

तुम्हाला न्यायला घरचे कुणी येईल का, नंबर सांगा, असे हवालदारांनी विचारले. मला एकच नंबर पाठ आहे. तो मी सांगितला नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच त्यात आले आहे, आणि ते खरे आहे.