दसऱ्याचं रीडिंग

नको गं उल्का, चहा नको, कपसुद्धा पॅक झालेत तुमचे — मी कुकर बघायला आले, मूव्हिंग सेलचा ईमेल आला ना तुझा. गुरुदत्त पोस्टात गेलाय? बरंय. म्हणजे बरं नाही, पण बरंय.

काय म्हणाला तो माझ्याबद्दल? पद्मिनीताईंनी नोकरी घालवली? असं नाही म्हणाला? बघ, असा आहे, म्हणून तर त्रास होतो. आमचा लॅबमधला गॅसचा वेग मोजायचा मीटर माहितेय तुला? माझाच म्हणायचा, पेटंटवर नाव माझं. नळीतून गॅस जातो, आत दोन लेझर. गॅसमधला धुळीचा कण पहिल्या लेझरपाशी चमकतो, मग दुसऱ्यापाशी — मधला वेळ मोजला की वेग कळला. संपलं. एवढ्यासाठी सहा वर्षं गेली माझी, निम्मे केस गेले. आणि तुझा नवरा म्हणतो, ताई, गॅस स्वच्छ असला, धूळच नसली, तर हा आंधळा आहे. सगळ्यांसमोर! मी म्हटलं, तू बसवलेले लेझरचे आरसेच वाकडे आहेत.

मग दसरा आला. बाकी धर्म काही नाही गं माझ्यात, पण यंत्राला हळदकुंकू लावते, उदबत्ती लावते. लॅबमधला धुराचा अलार्म वाजू नये म्हणून लावली नळीच्या तोंडाशी — पंखा धूर आत ओढून घेतो. तेवढ्यात सॅम आला, आमचा बॉस. हवा साधी, गाळलेली, स्वच्छ — आणि रीडिंग काय सुंदर! सॅम म्हणाला, म्हणजे गुरुदत्तलाच जमत नाहीये. त्याला लेऑफसाठी एक नाव हवंच होतं.

धुळीऐवजी धुराचे कण चमकत होते, हे मला काल कळलं. म्हणजे... काल नाही. परवा — नाही गं, अशी बघू नकोस. त्याच दिवशी. उदबत्ती विझली आणि आकडे शून्यावर. सॅम अजून दारात होता. मी स्क्रीनसमोर जाऊन उभी राहिले. ही एवढी आडवी बाई, अख्खा स्क्रीन झाकला गेला.

नोकरी गेली की व्हिसा जातो, हे माहीत नव्हतं का मला? होतं की. मीच नऊ वर्षं काढली त्यावर. ईमेल लिहिलाय सॅमला, खरंच — तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडलाय. आज पाठवते. तुमची फ्लाइट मंगळवारी ना? मग सोमवारी नक्की —

फोन कशाला? कोणाला लावलास? अगं, शनिवारी घरी कशाला त्याला... उल्का, ऐक तरी, मी आधी जरा नीट... वाजतोय. दे.

हॅलो? सॅम? येस, पद्मिनी. नो, नो, एव्हरीथिंग इज —