भीमाचं सोंग

शहापूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर, डोक्याला पट्टी बांधलेला तिचा पोरगा झोपला होता.

"माझ्या अनंतानं काठी मारली खरी, रुपाली. पण तुमच्या त्या टीव्हीवरच्या गेमनी बिघडवला त्याला. सारखी मारामारी."

"गेम माझा प्रणित खेळतो, जाऊबाय. अनंता नुसता बघत बसतो."

"बघूनच शिकला."

"काठी खांद्यावर टाकून आला तो. बोहाड्याच्या जत्रेत त्याचे बाबा भीमाचं सोंग घेऊन गदा धरतात ना, तश्शी."

"ते देवाचं हाय. सोंगाचा मान थोरल्या घरात, तो तुला पयल्यापासून खुपतो."

"आणि तुमाला आमचा गेम."

"असलं घरात ठेवूच नये."

"काढते की. कुठं टाकू?"

"टाकते कशाला? आमच्याकडं दे. मग तरी अनंता कुणाच्या दारात बसणार नाय."

"आजच देते. बदल्यात यंदा भीमाचं सोंग प्रणितच्या बापाला द्या."

थोरलीनं पदर सारखा केला.

"नको गो. गेम वाईटच. पोरांच्या डोक्यात जातो."