कपाटात तीनच डोकी

...नाही, काढलं त्याचं दुःख नाही हो. माणूस येतो, माणूस जातो, चालायचंच. पण माझ्याच घरात, माझ्याच बेडरूममध्ये, माझ्याच कपाटातून मला बाहेर काढायचं, आणि वर म्हणायचं, "जाताना दार लोटून घ्या, आवाज येतो"? आता तुम्हीच सांगा, असं आजवर कुणाच्या बाबतीत झालंय?

तुम्ही ऐकता ना आमचा पॉडकास्ट? 'तळमजल्यावरून'? बघा, माना हलल्या. सगळे ऐकतात हो. भाजीवाली ऐकते, बसचा ड्रायव्हर ऐकतो, आमच्या पाणीपुरवठा खात्यातला साहेब दार बंद करून ऐकतो आणि बाहेर येऊन आम्हालाच विचारतो, "काय रे, संपाबिंपाचा विचार नाही ना?" तर तो पॉडकास्ट मी काढला. मी आणि माझा वकील मित्र. आता मी राहतो चौथ्या मजल्यावर, त्यामुळे वकील म्हणाला, "अरे, 'तळमजल्यावरून' ही श्रोत्यांची दिशाभूल होते." मी म्हटलं, बाबा रे, हा विचारांचा तळमजला आहे! मग मतं घेतली. दोन विरुद्ध शून्य. त्याला पटलं होतं अशातला भाग नाही, त्याला घरी जायचं होतं.

कारण नियमच तसा. पहिल्या दिवशी केलेला, आणि केला कुणी? अस्मादिकांनी. मी उभा राहिलो... म्हणजे समोर एकटा वकील बसलेला, तरी मी उभा राहिलो, आणि म्हटलं, "जगात सगळीकडे एक जण बसतो आणि बाकीचे उभे राहतात. आपल्यात तसं चालणार नाही. आपल्यात कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. प्रश्न आला की हात वर करा, मोजा, संपलं." तुम्हाला सांगतो, मला या वाक्याचं इतकं कौतुक होतं की पुढे प्रत्येक मतदानात पहिला हात माझा. ठराव पुरा व्हायच्या आत! संस्थापकाने आदर्श नको का घालून द्यायला?

आता म्हणाल, कपाट कुठून आलं? त्याचं असं झालं, घरात आवाज घुमायचा. कुणीतरी सांगितलं, कपड्यांत आवाज मरतो. आणि मेला की तो चांगला येतो, असं ते शास्त्र आहे. झालं! बेडरूममधलं कपाट उघडलं, कोटांच्या मधल्या फळीवर माइक ठेवला आणि दोघांनी आत डोकी घातली. दाटीवाटी केली तर तीन डोकी मावतात. चौथं मावत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे माझा घात तिथेच झाला. आई म्हणाली, "मागून अगदी घरफोडे दिसता रे." शिवाय कोटांत डांबराच्या गोळ्या. त्यामुळे आमची अर्धी क्रांती शिंकेत गेली.

आणि शांतता हवी म्हणून पंखा बंद. नळ बंद. फ्लश बंद. फ्रिज घरघरतो, म्हणून फ्रिजसुद्धा बंद. बायको म्हणायची, "अहो, दूध नासवून कुठली समता येते?" मी म्हणायचो, त्याग करावा लागतो. एकदा 'भांडवलशाहीचं भवितव्य, भाग चौथा' रंगात आला होता, मी अगदी कळसाला पोचलो होतो, तेवढ्यात दारातून आई, "संपली का रे भांडवलशाही? मला बाथरूमला जायचंय." गेलं ना ते रेकॉर्डिंगमध्ये! आणि त्या भागातलं तेवढंच एक वाक्य लोकांना आवडलं. लोक म्हणजे कोण, तर नातेवाईक. एक अनोळखी श्रोता होता, त्याचं आम्हाला केवढं अप्रूप! नंतर कळलं, तो वकिलाचा दुसरा फोन होता.

मग एक दिवस माझा घसा बसला. बायको म्हणाली, देव पावला. नेमकी तेव्हाच मेव्हणी आली होती आमची बॅग परत करायला. ती घरपोच सामान पाठवणाऱ्या कंपनीच्या गोदामात खोकी भरते. वकील म्हणाला, "तुम्ही बोला." ती म्हणाली, "मी काय बोलू?" "काहीही." मग घातलं तिने डोकं कपाटात आणि बोलली काहीही! "आमच्याकडे बाथरूमला जाऊन आलं की मशीन विचारतं, कुठे होता? कारण लिहावं लागतं. मी एकदा लिहिलं, देश सोडून गेले होते. मशीनने मंजूर केलं. तुमच्याकडे काय करतात हो? सांगा ना." बस. एवढंच. ना भांडवल, ना शाही, ना भाग चौथा!

सकाळी माझा फोन तापलेला. नर्सांचे निरोप, ड्रायव्हरांचे निरोप, एका बँकेतली मुलगी रडून रडून बोललेली. सगळ्यांना सांगायचं होतं, आमच्याकडे काय करतात. मी सगळ्यांना म्हटलं, पाया मी घातला होता. पण पायाकडे कोण बघतं? तो जमिनीतच असतो.

मेव्हणीला कायमची घ्यायची का? हात वर करा, मोजा, संपलं. पहिला हात माझा. आवाजाची काटछाट बायको करणार का? पहिला हात माझा. तेव्हापासून माझं अर्ध्या तासाचं बोलणं चहा गार व्हायच्या आत संपायला लागलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणते, "अहो, मी फक्त श्वास कापले." मी काय इतका श्वास घेतो?

बरं, बाहेर कौतुक व्हावं, तर तेही नाही. न्हाव्याकडे दाढीला गेलो. तो माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून सांगतोय, "साहेब, तो 'तळमजला' ऐका. ती पोरगी काय बोलते! फक्त त्यात एक सर्दीवाला आहे ना, तो फार लांबण लावतो, तेवढा पुढे ढकलायचा." आणि बाकड्यावरच्यांना विचारतोय, "काय हो, तुम्हीही ढकलता ना त्याला?" तिघांचे हात वर! मी गप्प. वस्तरा होता ना. आणि खरं सांगू? माझे हात कापडाखाली होते म्हणून, नाहीतर सवयीने माझाही गेला असता.

आणि मग आला तो फोन. कामगारमंत्रीबाई येणार! स्वतः, आमच्या घरी, आमच्या कपाटात! श्रोत्यांनीच इतकी पत्रं पाठवली होती की बाईंना नाही म्हणता येईना. तुम्हाला सांगतो, मी रात्रंदिवस एकच प्रश्न घोटत होतो. आयुष्यभर साहेबासमोर 'हो साहेब' म्हटलेला माणूस मी. एकदा, फक्त एकदा, खुर्चीवरच्या माणसाला तोंडावर प्रश्न विचारायचा होता. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप मांडला होता हो.

जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. वकील म्हणाला, "कपाटात तीनच डोकी मावतात. एक मंत्रीबाईंचं. तेव्हा ठराव असा, की ज्यांना आजवर बोलायला कमी जागा मिळाली, अशा आवाजांना..."

झालं! 'कमी जागा मिळाली' ऐकलं आणि माझा हात वर! नुसता वर नाही, मी उभा राहिलो. "माझा बिनशर्त पाठिंबा! किंबहुना हे आधीच व्हायला हवं होतं!" बायको म्हणते, "अहो, त्यांचं वाक्य तरी पुरं होऊ द्या." मी म्हटलं, काही गरज नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व!

वकिलाने वाक्य पुरं केलं. "...अशा आवाजांना पुढे करावं, आणि ज्याचं सगळ्यांत जास्त बोलून झालंय, त्याने बाहेर थांबावं." आणि कॉम्प्युटर फिरवून दाखवला. कोण किती बोललं, ते त्यात उभ्या रेघांनी काढलेलं असतं. बाकीच्यांच्या काड्या, माझी भिंत. मेव्हणी विरोधात होती हो! म्हणाली, "नको, भाऊजींना राहू दे, त्यांनीच सुरू केलंय." बायकोने हातच वर केला नाही, ती माझ्याकडे बघत बसली होती. म्हणजे बाजूने दोन, विरोधात एक. एक वकील. आणि दुसरा हात अजून हवेतच होता, मी वर बघितलं, तर माझा! वर गेलेला हात मागे घेता येत नाही, हा नियम कुणाचा? विचारूच नका.

मंत्रीबाई आल्या. कपाटात डोकं घातलं, बाहेर पलंगावर त्यांचा अंगरक्षक बसला, आणि मी कुठे? स्वयंपाकघरात. फ्रिजचा प्लग हातात घेऊन. कान बेडरूमकडे. मेव्हणीने विचारलं, "बाई, तुमच्या ऑफिसात कप धुणारी जी कोणी आहे, ती आजारी पडली तर तिचा पगार कापतात का?" मग एक शिंक. मग बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मंत्री असून म्हणाल्या, माहीत नाही! माझा प्रश्न असता तर तो संपेपर्यंत बाईंचा कार्यकाळ संपला असता. मला हेवा वाटला हो, का खोटं बोलू? आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली की डोळ्यांत पाणीच आलं. हे माझ्या कपाटात घडत होतं! या नादात प्लग लावायचा राहिला. दुसऱ्या दिवशी दूध नासलं, आठवड्याचं अन्न टाकून द्यावं लागलं. लगेच बैठक. आईलाही मताचा अधिकार दिला. वकील म्हणाला, "ठराव असा, की फ्रिजची जबाबदारी यापुढे..." 'जबाबदारी' ऐकलं आणि काय झालं असेल, तुम्हीच ओळखा.

आता प्रत्येक भागाच्या शेवटी नावं वाचतात. आवाज, संकलन, कायदा, आणि सगळ्यांत शेवटी, 'फ्रिज'. न्हावी म्हणाला, "तो सर्दीवाला गेला, बरं झालं. पण साहेब, हा फ्रिजवाला कोण हो? बिचारा कधी एक शब्द बोलत नाही." मी म्हटलं, आहे एक सज्जन गृहस्थ.

म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. तुम्ही तटस्थ माणसं. करा न्याय. आपल्यात कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही. ज्यांना वाटतं मला परत कपाटात घ्यावं, त्यांनी हात वर करा... बरं, असू दे, संकोच वाटत असेल. मग उलट विचारतो. ज्यांना वाटतं की मी फार लांबण लावली आणि आता...

अहो, वाक्य तरी पुरं होऊ द्या की! आणि हा पहिला हात कुणाचा वर गेला?... हं. खाली करा सगळे. माझाच आहे.