शून्य ते दहा, खाज किती?

नाही, पण मला सांगा, खाज ही काय मोजायची वस्तू आहे का हो? कापड मोजतात, साखर मोजतात, ताप मोजतात, बायको किती दिवस बोलली नाही तेही मोजता येतं… पण खाज? आणि तीही रोज! संध्याकाळी सातच्या ठोक्याला तो दवाखान्याने दिलेला फोन टुंग करणार आणि विचारणार, ‘गेल्या चोवीस तासांतली तुमची सर्वांत वाईट खाज किती? शून्य ते दहा.’ शून्य ते दहा! अहो, मी शिंपी माणूस. तीस वर्षं गळ्यात टेप आहे माझ्या. मला छाती विचारा, कंबर विचारा, बाहीची लांबी विचारा, अर्ध्या इंचाची चूक निघाली तर कापड भरून देईन. पण खाजेला टेप लावायचा कुठून कुठपर्यंत? तिचा खांदा कुठला आणि मोहरी कुठली?

आता इसब मला काही काल झालेलं नाही. वीस वर्षं झाली. कोपरं, मान, मनगटं, गुडघ्यांच्या मागे, सगळीकडे लाल चट्टे, आणि वर कोंडा. मलमं म्हणाल तर घरात कपाटाचा एक खण फक्त मलमांचा आहे. आणि सल्ले? ज्याला स्वतःचं नाक धड शिंकरता येत नाही तोही मला सांगणार, ‘आंबट बंद करा!’ केलं बंद. ‘साबण बदला!’ बदलला. मेहुण्याने सांगितलं, ‘विचार करणं बंद करा.’ म्हटलं, तुझ्यासारखं कसं जमणार रे मला! पण धंद्याचं काय? गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहतं, मी टेप घेऊन पुढे सरकतो, त्याची नजर जाते माझ्या मनगटाकडे, की ते इंचभर मागे. मी पुढे, ते मागे, मी पुढे, ते मागे… तुम्हाला सांगतो, एका साहेबांची कंबर मी रस्त्यावर जाऊन घेतली आहे! लागत नाही हो ते कुणाला, पण प्रत्येकाला कुठे सांगत बसणार? काळं कापड तर मी घेणंच सोडलं. कोट शिवून झाला की त्यावर माझाच कोंडा. भर उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालून मशीनवर बसायचो.

तर आमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवीन औषध आलंय, त्याची ट्रायल चालू आहे, येता का? ट्रायल म्हटल्यावर मी म्हटलं, हात्तिच्या! आमच्या दुकानात रोज होते. कच्ची शिलाई घालायची, गिऱ्हाइकाला कोट चढवायचा, ‘हात वर करा, खाली करा, बसा, उठा,’ दहा मिनिटांत मोकळे. इथे सोळा आठवडे! सह्याच बत्तीस ठिकाणी! आणि निम्म्या लोकांना खरं औषध टोचणार, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते मला माहीत नाही, टोचणाऱ्या नर्सबाईंना माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. म्हटलं, मग माहीत कुणाला? तर म्हणे कॉम्प्युटरला. आम्ही असा धंदा केला असता तर एकाचा कोट दुसऱ्याने घालून लग्न लावलं असतं!

माप घ्यायला वेगळे डॉक्टर. मी त्यांना मापवाले म्हणतो. हसायचं नाही, बोलायचं नाही, ‘बरं वाटतंय’ असं सांगायचंसुद्धा नाही, का, तर माप बिघडतं. आणि माप कशाने घ्यायचे? ना टेप, ना पट्टी. तळव्याने! ‘तुमचा तळवा म्हणजे तुमच्या अंगाचा एक टक्का.’ म्हणजे माझ्या अंगात माझे शंभर तळवे! मी त्याच दिवशी घरी येऊन खडूने आखायला घेतलं. पोटापर्यंत ठीक गेलं, पुढे पाठीला हात पुरेना. बायको म्हणाली, ‘अहो, शर्ट घाला आधी, कुणी बघेल.’ तर असे ते मापवाले मला जाकीट-बनियन काढून उभं करायचे आणि पुटपुटायचे, ‘लाली तीन… जाडी दोन… ओरखडे तीन…’ अगदी मी मापं सांगतो तसं हो! फक्त आमच्याकडे निदान पुढे चहा तरी विचारतात.

पण लालीला डोळे पुरतात, जाडीला बोट पुरतं. खाज दिसत नाही, म्हणून ती पेशंटलाच विचारायची. पहिल्या दिवशी फाइलवाल्या मॅडमनी विचारलं. पोरसवदा बाई, माझ्या मुलीच्या वयाची. ‘काका, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी वाईट. तुमची किती?’ आता तुम्हीच सांगा, मुलीच्या वयाच्या बाईसमोर मिशीवाला माणूस काय म्हणणार? नऊ? आणि दुसरं म्हणजे, शिंपी कधी कापड काठोकाठ कापतो का? शिलाईच्या आत थोडं जास्तीचं सोडतो. माया म्हणतो आम्ही त्याला. उद्या माणूस सुटला तर उसवून वाढवता येतं. म्हटलं, आजच दहा सांगितलं आणि उद्या वाढली, तर पुढे आकडा कुठे आहे? म्हणून माया ठेवून सांगितलं, चार. त्या म्हणाल्या, ‘नशीब काका! तीन सांगितलं असतंत तर घेताच आलं नसतं तुम्हाला.’

मग तो फोन आला घरी. मॅडम म्हणाल्या, पुढे हिशोबात धरणार ते फोनवरचेच आकडे. शून्य ते दहा. पण माझी बोटं इतकी फाटलेली की फोन माझं बोटच ओळखेना. दाबतोय, दाबतोय, ढिम्म! दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, मग ठरलं की मी मशीनवरून ओरडायचं आणि बायकोने आतून बटण दाबायचं. सात वाजले, टुंग झालं, की मी ‘चार!’ तिने ‘हो!’ पुढच्या दिवशी ‘चार!’ ‘हो!’ संपलं. संसारात इतकं एकमत आमचं कधी झालं नव्हतं.

आणि काय सांगू, तिसऱ्या सुईनंतर फरक! मान साफ, कोपरं साफ. दहाव्या आठवड्याला मी अर्ध्या बाहीचा शर्ट शिवला. कुणाचा? माझा! वीस वर्षांत पहिला. काळं कापड घेतलं दुकानात. म्हणजे मला पाणी नाही, खरं औषध मिळत होतं, हे आमच्या गल्लीतल्या मांजरालाही कळलं असतं. राहिली होती फक्त डाव्या गुडघ्यामागे रुपयाएवढी जागा. तिथे दिवसातून एकदा, थोडंसं. ‘एक!’ ‘हो!’

तर चौदाव्या आठवड्याला मॅडम सहज म्हणतात, ‘काका, सोळाव्याला दोन गोष्टी बघतील. डॉक्टरांचं माप, आणि तुमची खाज किमान चार आकड्यांनी उतरली का. त्यावरून पुढच्या वर्षभराच्या औषधाचं ठरेल.’

चार आकड्यांनी! अहो, सुरुवातच चारने केली होती मी! चारातून चार गेले… माझ्या पायाखालची जमीन सरकली. नऊवाल्याला पाचावर आलं तरी चालतं, दहावाल्याला सहावर, आणि मला मात्र शून्य पाहिजे! माया सोडून सोडून मी स्वतःचाच गळा शिवला हो!

मग दोन आठवडे शून्याची तयारी. गुडघ्यामागे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं. आता तुम्ही गुडघ्यामागे लक्ष देऊ नका बघू! …बघा, खाजलं की नाही? उभ्याने मशीन चालवलं. पाय ताठ करून जेवलो. बायकोला म्हटलं, ‘अगं, औषध जाईल, पुन्हा पूर्ण बाही येईल!’ तर ती शांतपणे भाजी निवडत म्हणते, ‘एक आहे ना? मग एक सांगायचं. खोटं कशाला?’ म्हटलं, हिला कळतंय का काही? साधं चारातून एक वजा करता येत नाही?

सोळावा आठवडा. दोघं गेलो. मापवाल्यांनी माप घेतलं, तोंड तेच, पण ‘लाली शून्य, जाडी शून्य’ ऐकून मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली. मग मॅडमचं टेबल. सकाळपासून, देवाशपथ सांगतो, सकाळपासून गुडघा गप्प होता. मॅडमनी विचारलं, ‘काका, खाज किती, शून्य ते दहा?’ आणि ते ‘शून्य’ त्यांच्या तोंडातून पडायच्या आत सुरू! मी खुर्चीचे हात घट्ट धरले. घाम फुटला. आणि तोंडातून निघालं, ‘एक.’

संपलं म्हटलं. तर मॅडमनी कॉम्प्युटर बघितला आणि टाळी वाजवली! ‘वा काका! नऊवरून एक!’

नऊ? कुणाचे नऊ?

आता शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. पण तीस वर्षांची सवय! आमच्या धंद्यात एकाचं माप दुसऱ्याच्या नावावर पडणं याच्याएवढं पाप नाही, भर मांडवात पँट फाटते हो माणसाची! मी ताडकन उठून ओरडलो, ‘मॅडम, मापं बदलली! हे दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे! माझे चार होते!’ बायको माझी बाही ओढायला गेली, पण अर्धी बाही, हातात येणार काय?

मॅडम गोंधळल्या. ‘तुम्हीच भरता ना काका?’ मी बायकोकडे बघितलं. ती छताच्या पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘मी टाकले नऊ. हे तिकडून चार म्हणून ओरडायचे आणि ओरडताना कात्रीच्या टोकाने मान खाजवत असायचे. मी आंधळी आहे का? चादरीवरचे रक्ताचे ठिपके वीस वर्षं मी धुतेय. चार म्हणे! चार असते तर मी साबण एवढा आणला असता का?’

मला, खरं सांगतो, रडायला आलं. मला वाटायचं मी लपवतोय. पूर्ण बाही घालून लपवतोय, हसून लपवतोय… आणि ही रोज सकाळी बादलीत बघत होती.

मॅडम हळूच म्हणाल्या, ‘काका, तेव्हा खरंच किती होती?’

मी म्हटलं, ‘साडेनऊ.’

‘साडे नसतं काका, पूर्ण आकडा सांगा.’

‘मग दहा लिहा.’

पण लिहितात कुठे! ‘आता आठवून सांगितलेलं चालत नाही. आणि दुसऱ्याने भरलेलं तर मुळीच नाही. मला वर कळवावं लागेल.’ कळवलं. तीन आठवडे सुई बंद. मी रोज आरशासमोर मान वाकडी करून बघायचो. बायको आपणहून म्हणाली, ‘माझ्यामुळे झालं.’ म्हटलं, ‘तुझ्यामुळे नाही, माझ्या तोंडामुळे झालं.’ वीस वर्षांत एकमेकांवर न ढकललेलं हे पहिलंच भांडण.

शेवटी मॅडमचा फोन आला. ‘काका, त्वचेचं माप उत्तम आहे, तेच मुख्य. औषध वर्षभर चालू! फक्त तुमची खाज हिशोबात धरणार नाहीत. फोन परत आणून द्या, आता रोज काही सांगायला नको.’

नाचत गेलो. फोन देऊन आलो. अर्धी बाही, काळं कापड, सगळं आहे. बोटं इतकी मऊ झालीत की आता कुठलाही फोन ओळखेल… पण संध्याकाळी सात वाजतात हो! टुंग नाही, काही नाही. मी मशीनवर बसल्या बसल्या कान लावून असतो. परवा राहवेना, उठलो, आत गेलो आणि बायकोला म्हटलं, ‘एक!’

‘काय एक?’

‘खाज. आज एक. खरी. माया न ठेवता.’

ती पोळी उलटत म्हणाली, ‘मी विचारलं का?’

आता बोला! वीस वर्षं येणारा-जाणारा विचारायचा, ‘फार खाजतं का हो?’ तेव्हा मी ‘छे छे, थोडंसं’ म्हणून उडवून लावलं. आता खरा आकडा रोज ताजा तयार असतो माझ्याकडे… पण त्याला गिऱ्हाईक नाही!